प्रीतीची खूण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे, असे संपादक भगिनींनी सुचवले आणि विषयही त्यांनीच दिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती मंडळी ईश्वराच्या प्रेमाविषयी नेहमी बोलता. आमच्या घरीही देवाची भक्ती आहे, दया आहे, कृपा आहे. परंतु देवाचे प्रेम रोजच्या संसारात ओळखायचे कसे, हे एकदा नीट सांगा." प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र वाटले तितके सरळ नाही. म्हणून उपदेश करण्याचा मार्ग सोडून मी इतिहासाचा आधार घेते आहे. आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या काही स्त्रियांना हे प्रेम कसे ओळखू आले, एवढेच येथे सांगावे असा माझा बेत आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करते. मराठी ख्रिस्ती मंडळीत ईश्वराच्या प्रेमाला 'प्रीती' म्हणण्याचा प्रघात आहे. मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द योजलेला आहे आणि उपासनेत, प्रार्थनेत तोच तोंडी येतो. दुसरा शब्द 'साक्ष'. आमच्या स्त्रियांच्या प्रार्थनासभेत गीत झाले, शास्त्रपाठ झाला, की पाळकसाहेबांची पत्नी किंवा सभा चालवणारी भगिनी विचारते, "कोणाला साक्ष द्यायची आहे काय?" मग एखादी उठते, पदर सावरते आणि गेल्या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगते. मुलाचा ताप उतरला, धाकटीचे लग्न ठरले, यजमानांची बदली रद्द झाली. सर्व जणी मनापासून देवाची स्तुती करतात.

या साक्षी खऱ्या असतात आणि त्या देणाऱ्या भगिनींचा विश्वासही खरा असतो. तथापि त्याच चटईवर, त्याच सभेत अशीही एक जण बसलेली असते, की जिच्या मुलाचा ताप उतरला नाही. तिने काय समजावे? ताप उतरणे हीच प्रीतीची खूण असेल, तर तिच्या वाट्याला प्रीती आली नाही असे होईल. हे कोणत्याही आईला पटणार नाही आणि पटूही नये. यास्तव खूण जरा खोल जाऊन शोधली पाहिजे. ती शोधताना मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा. कारण ज्या बाईचा ताप वारंवार उतरलाच नाही, अशी ती बाई होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी या लेकीला मांडीवर घेऊन श्लोक शिकवले. पुराण सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब हिंडत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले आणि अनवाणी पायांनी त्यांनी हिंदुस्थान पालथा घातला. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

आठ-दहा वर्षांच्या अवधीत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती! या सगळ्यात प्रीतीची खूण कोठे होती, असे कोणी विचारले तर मी गप्प बसेन. दुष्काळातली भूक हीच प्रीतीची खूण होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उपाशी माणसाला असे सांगणे हा त्याचा अपमान आहे. पुष्कळदा आम्ही धार्मिक माणसे घाईघाईने असे काही बोलतो आणि दुखावलेल्याला अधिकच दुखावतो. रमाबाईंच्या बाबतीत इतके मात्र सांगता येते, की खूण दिसली ती पुढे, आणि ती दिसली अगदी अनपेक्षित जागी.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती सेविकांच्या मठात राहिल्या. बहिरेपणामुळे वैद्यकीचा विचार पुढे सोडावा लागला. त्या मठातील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम या भागात आपले चाललेले काम पाहावयास पाठवले. ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणतो, ज्यांचे नाव घरात काढत नाहीत, अशा स्त्रियांसाठी तेथे आश्रम होता. रमाबाईंनी तेथे पाहिले, की त्यांच्यापैकी कित्येक जणी आता बदलून गेल्या आहेत आणि स्वतःच दुखणाईतांची, दुबळ्यांची सेवा करीत आहेत. असे काही त्यांनी तोपर्यंत कोठेही पाहिले नव्हते, ऐकलेही नव्हते.

येथे रमाबाईंनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. पाहून त्या थक्क झाल्या आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी प्रश्न विचारला. परत आल्यावर आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला त्या म्हणाल्या, की ख्रिस्ती लोक अशा स्त्रियांची एवढी काळजी का घेतात? उत्तरादाखल त्या भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ज्या भगिनींना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. शोमरोनी आणि यहूदी यांच्यात विटाळ पाळला जाई. एकाचे भांडे दुसरा वापरत नसे. अशा शोमरोनातल्या एका विहिरीवर भर दुपारी एक बाई घडा घेऊन आली. तिला पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याबरोबर ती राहत होती तो तिचा नवरा नव्हता. विहिरीपाशी येशू थकून बसला होता. तो तिला म्हणाला, मला पाणी दे. ती चकित झाली. तू यहूदी, मी शोमरोनी बाई, माझ्याजवळ पाणी कसे मागतोस? त्यानंतर त्यांचे जे बोलणे झाले त्यात खरी उपासना कोणती, हा मोठा विषय येतो. परंतु सारी सुरुवात झाली ती तिच्या हातचे पाणी मागण्यापासून. पाणवठ्यावर कोणी चढावे, कोणी चढू नये, कोणाच्या घागरीचा कोणाला विटाळ होतो, हे आपल्याकडे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो याच पाण्यासाठी. विहिरीवर जिच्याकडून कोणी पाणी घेणार नाही, तिच्याकडून देवाच्या पुत्राने पाणी मागितले, हे रमाबाईंना समजले आणि फुलममध्ये पाहिलेल्या कामाचा अर्थ त्यांना लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पहिली खूण ही अशी आहे. प्रीती ज्याच्यापाशी परतफेड करण्यास काही नाही त्याच्याकडे जाते, आणि जाताना त्याला लाचार करत नाही. उलट त्याच्याजवळ काहीतरी मागते, त्याच्या हातचे घेते, त्याला माणूस म्हणून उभे करते. नुसते देणारा हात आणि घेणाऱ्याची खाली गेलेली मान, यात दया असेल. प्रीतीची खूण अजून पुरती दिसली नाही असे समजावे.

एका बाप्तिस्म्याने सर्व काही उमगले असेही झाले नाही. रमाबाईंनी पुढे आपली साक्ष इंग्रजीत लिहून १९०७ साली प्रसिद्ध केली. तीत त्या मोकळेपणाने सांगतात, की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला आणि स्वतः ख्रिस्त सापडावयास आणखी आठ वर्षे लागली. इतक्या विदुषी स्त्रीला आठ वर्षे लागली, तर आपल्यासारख्या प्रापंचिक बायकांना उशीर झाल्यास वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

अमेरिकेत जाऊन, पुस्तक लिहून, व्याख्याने देऊन रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळवले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातील गोदूबाई जोशी. ती आठव्या वर्षी विधवा झाली होती. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले. १८९३ साली त्यावरून मोठे वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसतात, असा आक्षेप वृत्तपत्रांतून घेतला गेला. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली आणि सुमारे पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. पालकांचे भय खोटे नव्हते. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला प्रार्थनेस बोलावत नाही, पण माझ्या खोलीचे दारही बंद करणार नाही. आज इतक्या वर्षांनी कोणाला दोषी ठरवण्यात अर्थ नाही.

पण त्याच १८९३ साली दुसरीही एक गोष्ट घडली. गोदूबाईंचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई झाल्या, आणि सर्वांच्या बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. अण्णासाहेबांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्यास वाढला, १९१६ साली महिला विद्यापीठ झाले, १९५८ साली अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. बायांनीही आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. शारदा सदनात एका पोरक्या विधवेला जो जिव्हाळा मिळाला तो असा दुसऱ्या घरी, दुसऱ्या धर्माच्या अंगणात जाऊन फुलला. आमच्या काही ख्रिस्ती बांधवांना वाटते, की बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या हीच प्रीतीच्या यशाची खूण. मला तसे वाटत नाही. जी प्रीती दिल्यावर माघारी आपल्याच दारी आली पाहिजे असा हिशेब नसतो, तीच ईश्वराची. आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्मांच्या भगिनी एकत्र बसतात, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. आपल्या आईबापांची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला होता. शहरात इतक्या मुली ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा पुण्यापासून सुमारे चौतीस मैलांवर, केडगाव स्टेशनजवळ शेतीसाठी घेतलेल्या माळावर त्यांनी त्या मुलींना नेले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली.

भगिनींनो, दोन हजार हा आकडा आपण बायकांनी स्वयंपाकघरातून पाहावा. चार पाहुणे वाढले तर आपली कशी धांदल उडते! येथे रोज दोन वेळा दोन हजार पाने. त्यातही पुष्कळ मुली इतक्या उपाशी राहिलेल्या, की एकदम पोटभर अन्न पचायचे नाही. डोक्यात उवा, अंगावर खरूज, रात्री भीतीने किंचाळून उठणे. त्यांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, धडुते द्यायचे, अक्षर शिकवायचे. शेती, गोठा, विणकाम, शिवण, छापखाना, अशी कामे तेथे मुलीच शिकल्या आणि मुलींनीच चालवली. आधी आलेली मुलगी नंतर आलेल्या मुलीची ताई होई. फुलममध्ये जे पाहिले होते तेच आता केडगावच्या माळावर मराठीत घडत होते. जिला उचलले तीच दुसरीला उचलू लागली.

मुक्तीमधल्या घरांची नावे पाहण्यासारखी आहेत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' आणि म्हाताऱ्या, अपंग स्त्रियांसाठी 'प्रीती सदन'. आंधळ्या स्त्रियांसाठी वेगळे घर होते आणि मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येऊन त्यांना वाचायला शिकवले. 'प्रीती' हे नाव रमाबाईंनी उपासना-मंदिराला दिले नाही, शाळेलाही दिले नाही. ज्या बायका आता शेतात राबू शकत नाहीत, छापखान्यात खिळे जुळवू शकत नाहीत, ज्यांच्यापासून संस्थेला एका पैचाही लाभ नाही, त्यांच्या घराला ते दिले. लांबलचक धर्मग्रंथ लिहूनही याहून अधिक स्पष्ट सांगता आले नसते.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यापूर्वी मराठीत भाषांतर नव्हते असे नाही. नव्या कराराचे पहिले मराठी भाषांतर श्रीरामपूरहून १८११ सालीच निघाले होते. परंतु खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. ज्या पंडितेला संस्कृत श्लोक मुखोद्गत होते, जिच्या विद्वत्तेपुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान लववली, तिने दळणकांडण करणाऱ्या बायकांसाठी आपली भाषा सोपी केली. त्याची छपाईही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. हे काम चालू असतानाच १९२१ साली मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक लेक, सर्व कार्याचा आधार. त्याही स्थितीत रमाबाईंनी हातातले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. ते शास्त्र ग्रंथरूपाने १९२४ साली बाहेर आले. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

पुन्हा तोच प्रश्न येतो. मनोरमाबाईंच्या मृत्यूत प्रीतीची खूण कोठे? रमाबाईंनी त्याचे स्पष्टीकरण देत बसण्यापेक्षा उरलेली मुद्रिते तपासली. दुःख आले म्हणून प्रीती खोटी ठरत नाही, आणि प्रीती आहे म्हणून दुःख टळत नाही. आमच्या विश्वासाच्या मध्यभागी वधस्तंभ उभा आहे तो हेच सांगण्यासाठी. देवाने दुःख दूर उभे राहून पाहिले नाही, ते स्वतःच्या अंगावर घेतले, अशी आमची श्रद्धा आहे. ही दुसरी खूण. जो कोणी दुसऱ्याच्या दुःखात त्याच्याजवळ येऊन बसतो, त्याच्या बसण्यात ती दिसते, मग त्याच्या तोंडी सांत्वनाचा एक शब्दही नसेना का!

रमाबाईंचे कार्य मोठे. ते वाचून आपल्याला वाटेल, की हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून आता एका संसारी बाईकडे वळते. ती म्हणजे 'स्मृतिचित्रे' या पुस्तकामुळे सर्व महाराष्ट्राची झालेली लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा जन्म १८६८ चा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हे कवी, स्वच्छंदी, कधी कोठे निघून जातील त्याचा नेम नाही. एकदा नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. दोघांचे काव्याविषयी बोलणे झाले. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना जी प्रीतीची खूण वाटली ती लक्ष्मीबाईंवर मात्र वीज होऊन कोसळली. लहानग्या दत्तूला पदराशी घेऊन त्या माहेरच्या-सासरच्या नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. या गोष्टीचा विचार आम्ही ख्रिस्ती लोकांनी करणे अवश्य आहे. एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याने मोजली, हे झाकता येणार नाही आणि लक्ष्मीबाईंनीही ते झाकले नाही. परंतु पुढचा भागही तितकाच खरा आहे. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर ती दोघे पुन्हा एकत्र आली, तेव्हा टिळकांनी तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. तिचे सोवळे, तिची वेगळी चूल, तिचे पाणी, यांची वेगळी व्यवस्था राहू दिली. जो माणूस दिवसरात्र येशूच्या प्रीतीची गीते रचत होता, त्याने ती प्रीती घरी दाखवली ती वाट पाहून.

आणि एके दिवशी राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार सुरू झाला. हे जातिभेद कोणी केले? देवाने केले असते तर माणसाच्या अंगावर त्याची काही खूण असती. पशुपक्ष्यांच्या जाती पाहताक्षणी कळतात. माणूस मात्र सगळा सारखाच. विचार करता करता गाठ सुटली आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे त्यांनी ठरवले. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शोमरोनच्या विहिरीवर जे पाणी मागितले गेले, तेच पाणी राहुरीच्या एका घरात मिळाले, असे मला ही हकिकत वाचताना वाटते. ही तिसरी खूण. प्रीती जबरदस्ती करत नाही. ती थांबते आणि माणसाच्या मनाचे दार आतून उघडण्याची वाट पाहते.

टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले बहुतेक सर्व अध्याय लिहिले. संसारातल्या रागालोभांसकट, नवऱ्याच्या विक्षिप्तपणासकट, हसतहसत सांगितलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचली, की समजते की प्रीती ओळखण्यासाठी गंभीर चेहरा करून बसावे लागत नाही.

आता ज्यांची नावे ग्रंथांत नाहीत त्यांच्याविषयी थोडे सांगून मी आटोपते. विल्यम वॉनलेस नावाचे डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे रुग्णालय उघडले. लांबलांबून लोक बैलगाड्यांतून, आगगाडीने तेथे येऊ लागले. पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. परंतु शस्त्रक्रिया झाल्यावर रात्रभर उशाशी कोण बसत होते? मिरजेला परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी हे काम कोणी चांगल्या घरची मुलगी करीत नसे. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रक्त-पू धुवायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याला पाणी पाजायचे. याला लोक नाके मुरडत. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या देशातील परिचारिकांत बहुसंख्य ख्रिस्ती मुली होत्या. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतल्या खेड्यांतून आलेल्या होत्या. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्यांच्या नाती गावच्या पाटलाला औषध पाजत होत्या आणि पाटील ते निमूटपणे घेत होता. इतिहासाने केवढे वळण घेतले, आणि ते किती हलक्या पावलांनी!

या मुली प्रवचन करत नव्हत्या. रात्रपाळीला कंदील घेऊन खाटांमधून फिरत, ज्याला झोप येत नसेल त्याची उशी सारखी करत. त्या रोग्यांपैकी कोणी विचारले असेल काय, की ही मुलगी माझ्यासाठी हे का करते? पगारासाठी करते, असे उत्तर सोपे आहे आणि ते खोटेही नाही. पण पगारात उशी सारखी करणे बसत नाही. पगाराच्या हिशेबापलीकडचे जे थोडे उरते, तेथे खूण असते.

संपादक भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे. ईश्वराची प्रीती रोजच्या संसारात ओळखायची ती हिशेबात न बसणाऱ्या या थोड्या उरलेल्यावरून. आपण आजारी असता शेजारीण वरणभाताचे पातेले झाकून ठेवून जाते. वाण्याकडे उधारी थकलेली असता तो म्हणतो, असू द्या ताई, मुलांना आधी जेवू घाला. सून रागावलेली असूनही सासूच्या औषधाची वेळ चुकवत नाही. नाताळात आमच्या घरची करंजी शेजारी जाते आणि दिवाळीत तिकडचे ताट भरून येते. यांतली प्रत्येक गोष्ट लहान आहे आणि सवयीमुळे आपण ती पाहतही नाही. फुलमचा आश्रम पाहून गेलेल्या इतर पुष्कळ पाहुण्यांनी ते काम पाहिलेच असेल. रमाबाईंनी ते पाहून "का?" असे विचारले. फरक एवढाच.

आणि जिच्या मुलाचा ताप उतरला नाही त्या भगिनीला काय सांगावे? मी तिला काही सांगणार नाही. आपण तिच्याजवळ जाऊन बसावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पंधरा दिवसांनी, जेव्हा भेटायला येणारी मंडळी थांबतात, तेव्हा आवर्जून जावे. तिला प्रीतीची खूण दिसलीच तर ती आपल्या जाण्यायेण्यात दिसेल. ती दुसरीकडे कोठे दाखवण्यासारखी आपल्यापाशी नाही. हे आपल्या आवाक्यातले आहे. यासाठी केडगावचा माळ लागत नाही, मिरजेचे रुग्णालय लागत नाही. एक जिना उतरून दुसरा चढावा लागतो.

पुढील वर्धापनदिनापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकीने वर्षातील एक तरी अशी गोष्ट टिपून ठेवावी, आणि जिने ती केली तिला जाऊन विचारावे, की बाई, तू हे का केलेस? कोणी म्हणेल देवासाठी, कोणी म्हणेल माणुसकीसाठी, कोणी नुसती हसेल. ती उत्तरे पुढल्या स्मरणिकेत छापण्याजोगी होतील, अशी माझी खात्री आहे. मंडळाच्या कार्यास ईश्वर असेच यश देवो आणि आपणा सर्वांच्या घरी त्याची शांती नांदो, हीच प्रार्थना.